पंधराशे पौंडांची नदी

शेक्सपिअरचं घर, त्याच्या बायकोचं माहेर, मग नाटकघरासमोरच्या हिरवळीवर आइस्क्रीम. लंडनहून एका दिवसात स्ट्रॅटफर्ड उरकणाऱ्या आपल्याकडच्या सहलींचा हा ठरलेला क्रम. समोर एव्हन नदी असते, तिच्यात राजहंस असतात, लांबुळक्या रंगीत बोटी असतात. फोटोत सगळं मावतं आणि हे सारं चारशे वर्षं असंच चाललंय, असं वाटतं. प्रत्यक्षात नदीच्या खालच्या टोकाच्या टय़ूक्सबरीहून निघालेली बोट नदीने थेट स्ट्रॅटफर्डला पुन्हा येऊ लागली ती 1974 साली. त्याआधी शंभर वर्षं वरच्या भागात वाहतूक बंदच होती. खुद्द शेक्सपिअरनेही त्याच्या गावच्या धक्क्याला लागलेली मालबोट पाहिली नसणार. तो 1616 मध्ये गेला, आणि नदी बोटींसाठी मोकळी करण्याची राजाज्ञा निघाली 1636 मध्ये.

ती मिळवली विल्यम सँडीज या फ्लॅडबरीच्या जमीनदाराने. एव्हनवर जागोजाग पाणचक्क्यांचे बंधारे होते. पीठ दळायला ते सोयीचे, बोटीला मात्र प्रत्येक बंधारा म्हणजे भिंत. सँडीजने पदरचा पैसा ओतून बंधाऱ्यांच्या बगलेत लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद : बोट आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट बंधाऱ्याच्या वरच्या किंवा खालच्या पातळीला येते. पुढे हे गृहस्थ संसदेत निवडून गेले आणि 1641 मध्ये मक्तेदार म्हणून तिथून काढलेही गेले. नदीवर पैसा लावणाऱ्याचं पुढे काय होतं, याची ही पहिली झलक.

नंतरची कथा इंग्लंडातल्या कुठल्याही जलमार्गाची असावी तशी. 1717 मध्ये मालकीचे दोन तुकडे झाले : टय़ूक्सबरी ते इव्हशॅम खालची एव्हन, इव्हशॅम ते स्ट्रॅटफर्ड वरची. रेल्वे आली. वरची एव्हन रेल्वे कंपनीच्याच हाती गेली आणि 1875 च्या सुमारास कंपनीने देखभाल सोडून दिली. प्रतिस्पर्धी विकत घेऊन उपाशी मारायचा, हा धंदा जुनाच आहे. लॉक ढासळले, दारं कुजली, गाळात झाडं उगवली. खालची एव्हन खासगी मालकीत रखडत राहिली. दुसरं महायुद्ध संपता संपता पर्शोरच्या वर बोट जाणं मुश्कील झालं होतं.

त्या सुमारास इंग्लंडात कालव्यांविषयी एक हळहळ जागी झाली होती. एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944 मध्ये आलं; ते वाचून भारावलेले रॉबर्ट एकमन त्यांना भेटले आणि 1946 मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. (एकमन भुताच्या गोष्टी लिहिण्यासाठीही प्रसिद्ध आहेत. मेलेल्या कालव्यांत जीव पाहायला तोच स्वभाव उपयोगी पडला असावा.) पण संघटनेचं काम चळवळीचं. नदी अंगावर घ्यायला कुणीतरी वेगळं लागणार होतं.

ते निघाले डग्लस बारवेल. खालच्या एव्हनचे वाहतुकीचे हक्क त्यांनी पंधराशे पौंडांना विकत घेतले आणि 1950 मध्ये लोअर एव्हन नॅव्हिगेशन ट्रस्ट ही धर्मादाय संस्था स्थापन केली. या संस्थेच्या वाटचालीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे पहिलं पाऊल. निवेदनं देऊन सरकारची वाट पाहण्यापेक्षा त्यांनी सातबाराच आपल्या नावावर करून घेतला म्हणा ना! नदी विकत घेतल्यावर पडणाऱ्या बंधाऱ्याचं खापर फोडायला कुणी उरत नाही. देणग्या, सुट्टीच्या दिवशी येणारे स्वयंसेवक, चॅडबरीच्या लॉकसाठी लष्कराच्या इंजिनिअर तुकड्या, अशा गोळाबेरजेवर एकेक लॉक उभा राहिला आणि 1962 च्या सुमारास बोटी इव्हशॅमला पोचल्या. बारा वर्षं लागली, आणि एवढं करून झाली होती अर्धीच नदी.

दरम्यान पलीकडे, उत्तरेकडून स्ट्रॅटफर्डला येऊन एव्हनला मिळणारा कालवा कायमचा बंद करायचं काउंटी काउन्सिलने ठरवलं होतं. वापरात नसलेल्या कालव्यासाठी रस्त्यावरचा पूल नव्याने बांधायचा खर्च कशाला, असा तो हिशेब. मुद्दा अडला तो ‘वापरात नाही’ या दाव्यावर, कारण कुणीतरी छोट्या कनूचा रीतसर फाडलेला 1957 चा परवाना पुढे केला. एका कागदाच्या चिटोऱ्याने कालवा वाचला. नॅशनल ट्रस्टने तो भाडेपट्ट्याने घेतला, डेव्हिड हचिंग्ज या वास्तुरचनाकाराने स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातले कैदी यांच्या बळावर तो साफ केला, आणि जुलै 1964 मध्ये राजमातेच्या हस्ते तो खुला झाला.

आता नकाशात एकच भोक उरलं : वरची एव्हन. इव्हशॅमपर्यंत खालून बोट येत होती, स्ट्रॅटफर्डपर्यंत वरून. मधल्या सत्तावीसेक किलोमीटरमध्ये दुरुस्त करण्याजोगंसुद्धा फारसं काही शिल्लक नव्हतं. 1965 मध्ये अप्पर एव्हन नॅव्हिगेशन ट्रस्ट निघाला आणि धुरा पुन्हा हचिंग्जकडे आली. आमच्यात तज्ज्ञ कुणी नव्हता हे बरं झालं, नाहीतर हे अशक्य आहे हे कळलं असतं, अशा आशयाचं बोलणं त्यांच्या नावावर सांगितलं जातं. खरं-खोटं काही असो, त्यांच्या कामाची रीत तशीच होती. यंत्रं मोडीतली, लॉकची दारं दुसऱ्या जलमार्गांवरून उतरवलेली, मजूर स्वयंसेवक आणि कैदी. पात्रातला खडक आडवा आला तिथे सुरुंग.

नऊ लॉक नवे बांधले. ऑफनमचा लॉक 1969 मध्ये सहा आठवड्यांत उभा केला, कारण ज्यांच्या पैशांतून तो होत होता ते जॉर्ज बिलिंग्टन असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले होते आणि काम त्यांच्या हयातीत व्हायला हवं होतं. पुढच्या एका लॉकच्या देणगीदाराने नाव सांगू नका म्हटलं. मग लॉकचंच नाव ‘अनामिक’ पडलं. आपल्याकडे बसथांब्याच्या बाकावरही आमदारांच्या ‘सौजन्या’ने जागा अडते, तिथे ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. स्ट्रॅटफर्डचा लॉक बराच खोल आणि दोन्ही बाजूंनी मातीचा दाब प्रचंड. भिंती आत येऊ नयेत म्हणून वरून लोखंडी चौकटी घातल्या. नाटकघराच्या इतक्या जवळ त्या बेढब दिसतात, पण त्या लपवल्या नाहीत हे मला आवडतं. 1 जून 1974 रोजी राजमाता पुन्हा आल्या आणि वरची एव्हन खुली झाली.

पर्यटनाचं गणित त्या दिवशी जुळलं. एव्हन आणि सेव्हर्न या नद्या आणि दोन कालवे मिळून सुमारे 175 किलोमीटरचं वर्तुळ पुरं झालं, ‘एव्हन रिंग’. भाड्याच्या बोटीने निघालेल्या कुटुंबाला त्याच वाटेने परतायला नको. एक-दोन आठवडे बोटीतच राहायचं, लोखंडी हँडल खोचून झडपा उघडायच्या, लांब लाकडी दांड्याला पाठ लावून दार रेटायचं, संध्याकाळी गावाच्या धक्क्याला दोर बांधून पबमध्ये जेवायचं. पर्शोर, इव्हशॅम, बिडफर्ड या गावांना पाठीमागच्या दाराने आलेलं हे गिऱ्हाईक.

2010 मध्ये दोन्ही संस्था एक होऊन एव्हन नॅव्हिगेशन ट्रस्ट झाला. कारभार वायर पिडल या खेड्यातल्या जुन्या गिरणीच्या धक्क्यावरून चालतो. बोटींचे परवाने, धक्क्यांचं भाडं आणि देणग्या यांवर खर्च भागवायचा. काम नीरस : पडलेली झाडं ओढून काढणं, गाळ उपसणं, गळकी दारं बदलणं. जुलै 2007 च्या पुराने टय़ूक्सबरीचं बेट करून टाकलं होतं; असा पूर ओसरला की यादी पुन्हा पहिल्यापासून.

या यशाला एक मर्यादा आहे. ट्रस्टने जलमार्ग जिवंत केला. पाण्याची शुद्धता त्याच्या हातात नाही. शिवाय बंधारे आणि लॉकची नदी म्हणजे एकापुढे एक मांडलेले संथ डोह. मोकळ्या प्रवाहाची नदी हवी असणाऱ्यांना हे रूप पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

हा वाद स्ट्रॅटफर्डच्या थोडं वर, आल्व्हस्टनच्या बंधाऱ्याशी प्रत्यक्ष उभा राहतो. तिथे जलमार्ग संपतो. वॉरिकपर्यंत लॉक बांधून पुढच्या मोठ्या कालव्याला जोडून टाकावं, असा प्रस्ताव अनेकदा पुढे आला. काठावरचे जमीनमालक आणि निसर्गप्रेमी यांनी प्रत्येक वेळी विरोध केला. वरचं पात्र बोटीवाचून राहिलं आहे, आणि तिथल्या माणसांना ते तसंच हवं आहे.