चारबागेहून कैसरबागेपर्यंत

उत्तर हिंदुस्थानाशी मराठ्यांचा संबंध म्हटला की पानिपत, झाशी, ब्रह्मावर्त ही नावे आपल्या मनात प्रथम येतात. तलवारीचा आणि चौथाईचा तो इतिहास शाळेपासून आपल्या परिचयाचा आहे. काशीस वेदाध्ययनासाठी जाणारे विद्यार्थी हाही त्या संबंधाचा एक जुना धागा. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात एका निराळ्याच प्रकारचा विद्यार्थी आपल्याकडून उत्तरेस जाऊ लागला. त्याच्याजवळ पोथी नव्हती. होता तो केवळ गळा, किंवा फार तर एखादे वाद्य. त्याचे विद्यापीठ होते लखनौ, आणि तो जेथे उतरे ते स्टेशन म्हणजे चारबाग. हा विद्यार्थी तेथे का गेला, कोणत्या शहरात गेला, आणि त्या शहराचे आपण काय देणे लागतो, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

चारबाग हे नाव फारसी उद्यानरचनेतले. एकमेकींना छेदणाऱ्या वाटांनी चार भाग पाडलेली बाग ती चारबाग. १७७५ साली फैजाबादेहून लखनौस राजधानी आणणाऱ्या नबाब आसफउद्दौल्याच्या नावाशी ही बाग जोडली जाते. २५ सप्टेंबर १८५७ रोजी रेसिडेन्सीतील वेढलेल्या इंग्रजांच्या सुटकेसाठी हॅवलॉक आणि औट्रम ह्यांची फौज शहरात शिरली ती येथीलच कालव्यावरचा पूल लढून घेऊन. दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, कानपूर-लखनौ लोहमार्ग सुरू झाला. आजच्या लाल-पांढऱ्या भव्य स्थानकाची कोनशिला मार्च १९१४ मध्ये बसली आणि इमारत पुढील दशकात पुरी झाली. तिचे घुमट आणि मिनार उंचावरून पाहिले असता बुद्धिबळाचा डाव मांडल्यासारखा दिसतो, आणि फलाटावरील गाडीचा खडखडाट दर्शनी कमानीखाली ऐकू येत नाही, असे लखनौकर अभिमानाने सांगतात.

ही इमारत उभी राहत असतानाच, डिसेंबर १९१६ मध्ये, राष्ट्रसभेच्या अधिवेशनासाठी लोकमान्य टिळक लखनौस आले. पुढाऱ्यांच्या मनात त्यांना मोटारीतून शांतपणे न्यावयाचे होते. विद्यार्थ्यांनी ते मानले नाही. भाड्याच्या गाडीचे घोडे सोडून त्यांनी ती स्वतः ओढली. त्या तरुणांत रामप्रसाद बिस्मिल होते. मराठी माणसाचे लखनौने केलेले ते स्वागत राजकारणातले. दहाच वर्षांनी ह्याच शहराने दुसऱ्या एका मराठी माणसास गुरुपद दिले, आणि आपला विद्यार्थी लखनौस जाऊ लागला तो त्यामुळे.

तो मराठी माणूस म्हणजे पं. विष्णु नारायण भातखंडे. वाळकेश्वरास १८६० मध्ये जन्मलेल्या ह्या वकिलाने वकिली सोडून हिंदुस्थानभर प्रवास केला, उस्तादांच्या घराण्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि राग दहा थाटांत लावून दिले. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतरच्या परिषदांपैकी १९२४ आणि १९२५ च्या अखेरीस भरलेल्या दोन लखनौस झाल्या. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली ह्यांच्या खटपटीने १९२६ मध्ये तेथे संगीत महाविद्यालय उघडले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस ह्यांच्या हस्ते उद्घाटन झाले म्हणून ते मॅरिस कॉलेज. १९२८ पासून त्याची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ह्यांनी सांभाळली. मुंबईचे हे पदवीधर भातखंड्यांचे शिष्य खरेच, पण बडोद्यास उस्ताद फैयाजखाँ ह्यांच्याजवळही तालीम घेतलेले.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. उत्तरेकडील संगीताचे शास्त्र विशद करणारा भातखंड्यांचा प्रचंड ग्रंथ ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मराठीत आहे, आणि तो गुरू व शिष्य ह्यांच्या संवादरूपाने लिहिला आहे. उत्तरेची विद्या उत्तरेस समजावून घ्यावयाची तर तिचे मराठीतून हिंदीत भाषांतर करावे लागले! साहजिकच मराठी आणि कोकणी घरांतील मुले त्या शिष्याची भूमिका प्रत्यक्ष वठविण्यासाठी लखनौकडे निघाली. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचा कृष्णा गिंडे १९३६ साली रातंजनकरांकडे गेला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे पं. के. जी. गिंडे म्हणून ख्याती पावला. दिनकर कायकिणी आणि एस. सी. आर. भट हेही त्याच परंपरेतले. बालाघाटास जन्मलेल्या सुमती मुटाटकर ह्यांनी लखनौस संगीताची सर्वोच्च पदवी मिळविली आणि पुढे दिल्ली विद्यापीठात संगीताचे अध्यापन केले.

असा विद्यार्थी मुंबईहून भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी आणि कानपूर मागे टाकून, सुमारे चौदाशे किलोमीटरांचा प्रवास करून चारबागेस उतरला म्हणजे प्रथम भेटे ती रेवडी. तिळात घोळवलेली ती खुसखुशीत रेवडी स्टेशनावरच विकावयास असते, आणि संक्रांतीच्या तिळगुळाची सवय असलेल्या जिभेला ती परकी वाटत नाही. परके वाटे ते बोलणे. येथे साधा टांगेवालाही स्वतःस ‘हम’ म्हणतो आणि समोरच्याला ‘आप’. आपल्याकडे एखाद्या पोराने स्वतःस ‘आम्ही’ म्हटले तर वडीलधारी मंडळी त्याला राजेसाहेब म्हणून चिडवतील; लखनौस तोच विनय. मराठी मुलाचे सरळ ‘मैं’ तेथे काहीसे रांगडे ठरे.

चारबागेहून अमीनाबाद जवळ. कापडचोपड, पुस्तके, चिकणकाम ह्यांची ती गजबजलेली पेठ. पुढे वाजिद अली शाहाने बांधलेला कैसरबागेचा परिसर, आणि मॅरिस कॉलेज तेथेच. पूर्वेस हजरतगंज, इंग्रजी थाटाच्या दुकानांसमोरून संध्याकाळी रमतगमत फिरण्याला लखनौकरांनी ‘गंजिंग’ असे खास नावच देऊन टाकले आहे. पश्चिमेस, गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा ह्यांच्या दरम्यान, जुन्या शहराचा चौक. अत्तर, जर्दा, चांदीचा वर्ख, फुलांचे गजरे ह्यांची दुकाने एकमेकांस खेटून. पहाटे निहारी आणि कुलचा, दुपारी केशर लावलेली शीरमाल, आणि १९०५ पासून एका हाताने अधू असलेल्या हाजी मुरादअलींच्या दुकानाचे कबाब. ह्या अधूपणामुळेच त्या कबाबांना ‘टुंडे’ हे नाव पडले. सोवळ्यात वाढलेल्या मुलास ह्यातील पुष्कळ वर्ज्य असे. पण हिवाळ्यात दुधाचा फेस रात्रभर दवात ठेवून सकाळी विकतात तो ‘निमिश’ कोणाच्याच धर्माच्या आड येत नाही. जिभेवर ठेवला न ठेवला तोच विरघळतो, आणि उन्हे वर आली की बाजारातून नाहीसा होतो.

पण चौकाचे खरे स्वरूप दिवे लागल्यावर प्रकट होई, आणि आपल्या विद्यार्थ्याच्या विषयाशी ह्या रात्रीचा निकटचा संबंध आहे. दुकानांच्या वरच्या मजल्यांवर तवायफांचे कोठे होते. मिर्झा हादी रुसवा ह्यांच्या १८९९ च्या ‘उमराव जान अदा’ कादंबरीमुळे हे जग सर्वांस ठाऊक झाले. ह्या स्त्रिया केवळ रूपावर जगत नव्हत्या. गायन, नृत्य, फारसी-उर्दू काव्य आणि सभाचातुर्य ह्यांचे त्यांना लहानपणापासून कसून शिक्षण मिळे. अमीर-उमरावांची मुले रीतभात शिकण्यासाठी त्यांच्याकडे पाठवली जात. ठुमरी तेथे फुलली. बिंदादीन महाराजांसारख्या कथकाचार्यांनी घडवलेली कला ह्या बैठकींतून रसिकांपुढे येत होती. १८५८ ते १८७७ ह्या काळातील लखनौच्या करआकारणीच्या कागदांत नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रिया सर्वांत वरच्या उत्पन्नाच्या वर्गात आढळतात, आणि घरे, बागा, दुकाने त्यांच्या स्वतःच्या नावावर दिसतात. १८५७ च्या उठावास साह्य केल्याबद्दल जप्त झालेल्या मालमत्तांतही त्यांच्या मालमत्ता होत्या. पुढे सोजिरांच्या आरोग्याच्या नावाखाली झालेल्या कायद्यांनी त्यांना सामान्य वेश्यांच्या पंक्तीस बसवले. नव्या शिक्षणाने आलेल्या सोवळेपणाने उरलेली प्रतिष्ठा घालवली. वाजिद अली शाह १८५६ मध्येच पदच्युत होऊन कलकत्त्याजवळ मटियाबुर्जास गेला होता. आश्रयदाताही राहिला नव्हता.

मॅरिस कॉलेज उघडले ते ह्या पार्श्वभूमीवर. त्याचे कार्य एका वाक्यात सांगावयाचे तर जी विद्या रात्री वरच्या मजल्यावर नांदत होती ती दिवसा वेळापत्रकाप्रमाणे वर्गात आली. ही काही लहान गोष्ट नव्हे. उस्तादाची मर्जी, घराण्याचे नाते, बारा वर्षांची सेवा ह्यांवाचून, केवळ फी भरून आणि परीक्षा देऊन राग शिकता येऊ लागला. मध्यमवर्गीय घरातील मुलगी तंबोरा घेऊन बसली तर तिच्या लग्नाची काळजी करण्याचे कारण उरले नाही. सुमतीबाई मुटाटकरांसारखी विदुषी निर्माण होऊ शकली ती ह्या परिवर्तनामुळे.

मात्र वर्गात शिकवले जाई ते आले कोठून? कॉलेजच्या पहिल्या अध्यापकांत लखनौ तबला घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते. ह्या घराण्याचा बाज नृत्याच्या साथीत घडलेला. त्याचे खुले, घुमारदार बोल कथकाच्या आणि ठुमरीच्या सहवासात तयार झाले. सरोदिये सखावत हुसेन खाँ हेही तेथे शिकवीत. म्हणजे शिक्षणाची पद्धत मुंबईची, पण विद्येचा कच्चा माल लखनौचाच. कैसरबागेतील वर्गात विद्यार्थी जो ठेका घोटीत असे त्याला घाट मिळाला होता चौकातल्या रात्रींनी. ज्या स्त्रियांच्या बैठकींनी हे संगीत पिढ्यानुपिढ्या पोसले त्यांना ह्या नव्या व्यवस्थेत अध्यापकाची खुर्ची मात्र सहसा मिळाली नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास ही तफावत सरकारी हुकुमांतही उतरली. लखनौचे नभोवाणी केंद्र एप्रिल १९३८ मध्ये सुरू झाले होते, आणि गाणाऱ्या स्त्रियांना त्याने नवा श्रोता दिला होता. सरदार पटेलांकडे नभोवाणी खाते असताना, ज्यांच्या खाजगी आयुष्याविषयी लोकापवाद आहे अशा कलावतींना आकाशवाणीची दारे बंद करण्यात आली. १९५२ ते १९६२ ह्या काळात हे खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांच्याकडे होते. केसकरही मराठी. शास्त्रीय संगीतास आकाशवाणीवर मानाचे स्थान देण्याचे श्रेय त्यांचे. पण कलावंतांची परीक्षा घेऊन प्रतवारी लावण्याची पद्धतही त्यांच्याच काळात रूढ झाली, आणि तीत रातंजनकरांचा पुढाकार होता. ज्यांच्या घराण्यात सात पिढ्या गाणे होते अशा वृद्ध उस्तादांना रागाचे शास्त्र विचारले गेले तेव्हा त्यांनी निषेध केला. दोन्ही पक्षांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. सरकारी नोकरीत असलेल्या आपल्यासारख्यांना नियमावाचून कारभार चालत नाही हे सांगावयास नको. पण मोजण्याची पट्टी जिचे माप घ्यावयाचे त्या विद्येच्या मालकांना न विचारता तयार झाली होती, हेही खरे.

ह्या संदर्भात स्वतःच्या घरचे उदाहरण आठवावे. गोमंतकातील कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्यांना महाराष्ट्राने सन्मानाने व्यासपीठावर बसवले. केसरबाईंना १९६९ मध्ये आणि मोगूबाईंना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्या मागे मुंबईचा श्रोतृवर्ग होता, अल्लादियाखाँ ह्यांच्यासारखे गुरू होते, आणि स्वतःच्या समाजाची संघटित सुधारणा होती. लखनौच्या तवायफांना असे दुसरे शहर किंवा अशी संघटना मिळाली नाही. ज्या थोड्या तरल्या त्यांत बेगम अख्तर प्रमुख. १९४५ मध्ये बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी ह्यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांचे गाणे बंद झाले, आणि प्रकृती ढासळू लागली तेव्हा १९४९ मध्ये त्या पुन्हा गायल्या त्या लखनौ केंद्रावरूनच. पुढे भातखंड्यांच्या त्याच विद्यालयात त्यांनी अध्यापनही केले. चौकाने कैसरबागेचा उंबरठा मानाने ओलांडला, असा तो विरळा प्रसंग. १९७४ मध्ये त्या निवर्तल्या. त्याच वर्षी रातंजनकरही गेले.

मॅरिस कॉलेजास पुढे भातखंड्यांचे नाव लाभले. १९६६ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ते आपल्याकडे घेतले, २००० मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. परप्रांतातील विद्यापीठाला मराठी माणसाचे नाव असावे ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु प्रत्येक दप्तरात जावकाबरोबर आवकाचीही नोंद ठेवावी लागते. आपण उत्तरेस स्वरलिपी दिली, क्रमिक पुस्तके दिली, परीक्षा दिल्या. त्याबरोबर चौकातील त्या अनाम स्त्रियांकडून आणि त्यांच्या साथीदारांकडून काय घेतले, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे.

लखनौस बदलून आलेल्या किंवा तेथून जाणाऱ्या वाचकाने चारबागेस उतरल्यावर रेवडी जरूर घ्यावी, अमीनाबादेत फिरावे, हिवाळा असल्यास चौकात निमिश चाखावा. आणि मग कैसरबागेत हे विद्यापीठ ज्या वास्तूत आहे ती पाहावी. तिचे नाव परीखाना. वाजिद अली शाहाच्या काळी येथेच निवडक मुलींना गायन आणि नृत्य शिकवले जाई, आणि त्या मुलींना ‘परी’ म्हणत. भातखंड्यांच्या विद्यार्थ्यांचे सूर आज तिथल्याच दालनांतून उमटतात.