भरतीच्या मुहूर्तावरचा बाजार

परदेशी सहलीला निघालेल्या मराठी प्रवाशांच्या कार्यक्रमपत्रिकेत बँकॉकच्या मुक्कामातील एक दिवस बहुधा दाम्नोन सादुआकच्या तरंगत्या बाजारासाठी राखलेला असतो. वाटाड्याच्या मागोमाग अरुंद नावेत बसून, दुतर्फा लागलेल्या होड्यांतील आंबे, नारळ, फुले आणि चुलीवर शिजणारे पदार्थ पाहत, अर्ध्या दिवसात ही मंडळी परत फिरतात. ज्या कालव्यावर हा बाजार भरतो, तो राजा मोंगकुट याच्या कारकिर्दीत, १८६६ ते १८६८ या काळात, दोन नद्या जोडण्यासाठी खोदला गेला. व्हिएतनामात मेकाँगच्या काठी काय रांग येथे विक्रेते आपल्या मालाचा नमुना उंच काठीला टांगून ठेवतात, आणि आपल्याच देशात श्रीनगरच्या दल सरोवरावर भल्या पहाटे शिकाऱ्यांतून भाजीपाल्याची उलाढाल होते. हे सारे पाहून येणाऱ्या प्रवाशाच्या मनात, आपल्या कोकणात इतक्या खाड्या, इतक्या नद्या आणि इतके दर्यावर्दी लोक असताना असा बाजार का नाही, हा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की, पाण्याच्या आधाराने चालणारा बाजार रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके होता. मात्र त्याचे स्वरूप येथील समुद्राच्या स्वभावाने ठरविलेले असल्यामुळे तो निराळा दिसत होता, आणि निराळा दिसत होता म्हणूनच आपण तो विसरलो.

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून जुन्या व्यापारी गावांवर बोट ठेवीत गेले असता एक गोष्ट ताबडतोब ध्यानात येते. सावित्रीवरील महाड, कुंडलिकेवरील रोहे, अंबेवरील नागोठणे, भोगावतीवरील पेण आणि गाढी नदीच्या तोंडचे पनवेल, ही सारी गावे समुद्रापासून पुष्कळ आत, परंतु भरतीचे पाणी जेथवर पोहोचते त्या सीमेच्या आसपास वसलेली आहेत. याच्या पलीकडे नाव जात नाही आणि याच्या अलीकडे घाटावरून उतरणाऱ्या बैलाला दलदलीतून वाट नाही. सबब तांड्याने आणि मचव्याने एकमेकांची गाठ घ्यावयाची तर ती येथेच घेता येई. सह्याद्रीतून बोर घाट, वरंध घाट, पार घाट यांसारख्या वाटांनी देशावरचा गूळ, तेल, मिरची, तंबाखू खाली येई, आणि खाडीतून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर चढे. महाडसारख्या गावाच्या पेठेचा थाट या भेटीतून निर्माण झालेला होता.

हा क्रम किती पुरातन आहे याची साक्ष राजपुरीच्या खाडीकाठी, तळ्याजवळ असलेल्या कुडे येथील बौद्ध लेण्यांतील शिलालेख देतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दानलेखांत स्थानिक महाभोज घराण्यातील व्यक्तींबरोबरच एका माळ्याचे, वैद्याचे, सार्थवाहाचे, आणि थेट कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे नाव कोरलेले आहे. कऱ्हाडचा लोहवाणी या निर्जन वाटणाऱ्या खाडीच्या काठी येऊन लेणे कोरवून देतो, याचा अर्थ त्याची मिळकत या वाटेवर अवलंबून होती, असाच लावावा लागतो. उत्तरेस कुंडलिकेच्या मुखाशी असलेले चौल तर ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातही येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल मसूदी याने ते सैमूर या नावाने पाहिले, आणि १४६९ च्या सुमारास रशियन व्यापारी अफनासी निकितिन याने हिंदुस्थानच्या अंतर्भागाकडे कूच केले ते येथेच उतरून. परदेशी गलबते चौलास थांबत आणि त्यांच्यातील माल लहान नावांनी खाडीच्या पोटात शिरे. नागोठण्यास अंबा नदीवर निजामशाही अमदानीत, १५८० च्या सुमारास, चौलच्या काजी अलाउद्दीन याने दगडी पूल बांधविला. चौलच्या माणसाने नागोठण्यास पूल बांधावा, यातच बंदर आणि खाडीचा अंतर्भाग यांचे हितसंबंध किती एकजीव झालेले होते हे स्पष्ट होते.

आता या बाजाराची रीत जवळून पाहू. दाम्नोन सादुआकच्या कालव्यात होडी दिवसभर स्थिर तरंगत राहू शकते. परंतु आपल्या किनाऱ्यावर पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि उधाणाच्या दिवशी ही चढउतार तीन-चार मीटरांची भरते. ज्या जागी सकाळी मचवा डौलाने उभा असे तेथे दुपारी गुडघाभर चिखल उघडा पडे. म्हणून येथे बाजार तरंगत राहणे शक्यच नव्हते. मचवा भरतीबरोबर आत येई, पाणी उतरू लागताच धक्क्याशी गाळात अलगद टेकविला जाई, मग काठावर फळी टाकून हमाल माल उतरवीत, रिकाम्या झालेल्या पोटात भाताच्या गोणी, गवताचे भारे, जळाऊ लाकूड किंवा कोळसा भरीत, आणि पुढच्या भरतीने नाव पुन्हा उचलली की तांडेल ओहोटीचा ओघ साधून तिला समुद्राकडे नेई. दोन भरतींच्या मधला हा सुमारे बारा तासांचा अवधी हाच बाजाराचा अवधी. त्यात दलाल भाव ठरवीत, मापारी फऱ्याने आणि पायलीने माप घालीत, जकातीचा कारकून नोंद करी, खलाशी उसने-पासने फेडीत, आणि गावच्या बाया टोपल्या घेऊन नावेच्या अंगाशी चिखलात उभ्या राहून मिठामासळीचा सौदा करीत.

ही वेळ कोणास घड्याळात पाहावी लागत नसे. किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाचा हिशेब असा असे की, पौर्णिमेपासून किंवा अमावास्येपासून जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीनच्या सुमारास आणि अष्टमीस सहाच्या सुमारास पाणी भरते. आणि खाडीच्या जितके आत जावे तितका त्यास उशीर लागतो, तो ज्या त्या बंदरचे लोक अनुभवाने मिळवीत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हेही व्यापाराचेच पंचांग होते. सावित्रीच्या खाडीत मोठी गलबते दासगावापर्यंत येत आणि तेथून पुढे महाडपर्यंत लहान नावांनी भरतीचा आधार घेऊन जावे लागे. भांगाच्या दिवसांत जड भरलेली नाव गाळात अडकण्याचे भय असे. तेव्हा वाण्याची उधारी, शेतकऱ्याचा खंड आणि खलाशाची मजुरी, या तिहींचे मुदतीचे दिवस चंद्राच्या कलांशी बांधले गेले होते. पावसाळ्यात, ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत, नावा वर ओढून शाकारलेल्या असत, आणि हा सारा व्यवहार थांबे.

राज्यकर्त्यांची दृष्टी या व्यवहारावरून कधीच ढळली नाही. शिवछत्रपतींनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदारास जे पत्र धाडले, त्यात पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जकात वाढविण्याची आज्ञा आहे, कारण ते मीठ स्वस्त पडून स्वराज्यातील मिठाचा व्यापार बसेल ही भीती महाराजांना होती. एक मिठाची नाव कोणत्या बंदरात किती भावाने रिकामी होते याचा विचार ज्या राजाने केला, त्याच्या राजधानीच्या मुलखातूनच सावित्रीची खाडी जात होती. पुढे आंगऱ्यांच्या अमलात दर्यावर फिरणाऱ्या गलबतांना दस्तक घ्यावे लागे. किनाऱ्यावरील किल्ल्यांची मांडणीही हेच सांगते: कुंडलिकेच्या मुखावर कोर्लई, राजपुरीच्या मुखावर जंजिरा, सावित्रीच्या मुखावर बाणकोट. प्रत्येक किल्ला एकेका खाडीच्या दारात उभा आहे, आणि दारात पहारा बसतो तो आत काही मोलाचे असते म्हणूनच.

इंग्रजी अमदानीत मुंबई वाढली, आणि तिचे पोट या खाड्यांनी भरले. पेण आणि उरणच्या आगरांतले मीठ, अलिबागेचा पांढरा कांदा, श्रीवर्धनची सुपारी, खारपट्ट्यातला तांदूळ, सारे भाऊच्या धक्क्यावर उतरे. खारपट्टाही खाडीचीच देणगी होती. समुद्राचे पाणी बांध घालून थोपवायचे आणि मिळविलेल्या जमिनीत भात पिकवायचे, आणि ते भात पुन्हा त्याच पाण्यावरून मुंबईस पाठवायचे, असे हे चक्र आगरी आणि कुळवाडी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फिरते ठेवले. बोर घाटाचा रस्ता १८३० मध्ये गाड्यांना खुला झाला तेव्हा पनवेलची भरभराट झाली, कारण पुण्याकडचा माल गाडीने पनवेलपर्यंत आणि तेथून नावेने मुंबईस जाई. परंतु १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली, तिचा मार्ग कल्याणवरून गेला, आणि पनवेलच्या वाट्याचा माल परस्पर मुंबईस जाऊ लागला. पाण्याच्या बाजारास लागलेली ही पहिली ओहोटी होय.

तरीही पुढील ऐंशीहून अधिक वर्षे माणसांची वाहतूक खाडीनेच होत राहिली. धरमतर, रेवस, दासगाव येथे आगबोटी लागत. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, डिसेंबर १९२७ मध्ये भरावयाच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरहून पुढे मोटारमालक गाड्या देतील की नाही याची खात्री नसल्यामुळे त्यांनी ‘पद्मावती’ बोटीने दासगावचा जलमार्ग पत्करला, आणि २५ डिसेंबरला दासगावाहून पायी चालत ही मंडळी महाडास पोहोचली. ज्या वाटेने शतकानुशतके मीठ आणि गूळ गेला त्याच वाटेने त्या दिवशी समतेचा आग्रह महाडात शिरला. आणि रेवसच्या जलमार्गावर, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसात बुडून सहाशेंहून अधिक माणसे दगावली. रेवस-अलिबागेकडच्या किती घरांत त्या दिवसाची आठवण अजून काढली जाते, याचा विचार केला म्हणजे खाडी ही येथल्या जीवनाची केवळ पार्श्वभूमी नव्हती हे पटते.

पुढे मुंबई-गोवा रस्ता सुधारला, नद्यांवर पूल झाले, मालमोटार दारात येऊ लागली, आणि तिला तिथी विचारावी लागत नसे. गाळाने खाड्या उथळ होत गेल्या, पण गाळ पूर्वीही साचत होता. तो उपसण्याची निकड उरली नाही, हे खरे कारण. आज धरमतरच्या खाडीतून भले मोठे बार्ज डोळवीच्या पोलाद कारखान्यासाठी खनिज आणि कोळसा वाहतात. म्हणजे पाणी अजूनही ओझे उचलते. फक्त काठच्या गावाचा त्या ओझ्याशी संबंध राहिलेला नाही. भांडवल ज्याचे, माल ज्याचा, धक्का ज्याचा, त्याचाच तो जलमार्ग झाला आहे.

अशा स्थितीत एखाद्या प्रवाशाने या किनाऱ्यावर एका दिवसाची, वाटाड्यासह सफर करावयाचे ठरविले तर त्याने काय पाहावे? राजपुरीहून जंजिऱ्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या आहेत, आणि त्यांतील नावाडी तटा-तोफांची माहिती उत्साहाने सांगतात. त्यांचा तो उत्साह आदरास पात्र आहे. परंतु त्याच खाडीत थोडे आत कुड्याची लेणी आहेत, त्याच खाडीच्या टोकास म्हसळे आहे, आणि ही दोन स्थळे एका दिवसात, एका कथेत गुंफून दाखविणारा वाटाड्या तयार झाला पाहिजे. बाणकोटच्या खाडीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैस, समुद्रात उभ्या असलेल्या होड्यांपर्यंत बैलगाड्या पाण्यातून नेऊन मासळी काठावर आणतात आणि तेथेच वाळूवर लिलाव पुकारला जातो. भरतीच्या मुहूर्तावरचा बाजार कसा असे याचा जिवंत नमुना ज्यास हवा त्याने तो तेथे पाहावा.

कुलाबा जिल्ह्यास १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळाले, आणि ते सर्वस्वी उचित झाले. मात्र त्यानंतर जिल्ह्याचा इतिहास गडावरून पाहण्याची सवय अधिक दृढ झाली. गडाखालच्या पाण्यावरून तो पाहणारे थोडे उरले. सरकारी दप्तरात गडांच्या दुरुस्तीच्या तरतुदी होतात, बंदरांच्या पडक्या धक्क्यांच्या होत नाहीत. तिथीची पाऊणपट करून पाण्याची वेळ सांगणारी, फऱ्याचे माप हाताने दाखविणारी, कोणता मचवा कोणत्या वळणावर टेकवावा हे जाणणारी पिढी आता वार्धक्यात आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी खाडीनिहाय ही माहिती त्यांच्याकडून लिहून घेतली, तर पुढे ज्या कोणास येथील सहल आखावयाची असेल त्याच्या हाती खरा आधार येईल. या कामास द्रव्य फारसे लागत नाही. लागते ती तातडी.