‘थीम रवाना केली’ : एक तळटीप

† मूळ लेखातील या शब्दप्रयोगामुळे एखादे बोचके टपालाने धाडल्याचा भास होण्याचा संभव आहे. वस्तुतः लेखकास अभिप्रेत असलेली क्रिया अशी की, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या वर्डप्रेस या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे बाह्यरूप ठरविणारी ‘थीम’ आणि त्याच्या अंगी जादा सामर्थ्य आणणारे ‘प्लगिन’ यांच्या फाइली, माउसला स्पर्शही न करता, टर्मिनलवर एक ओळ टंकून दूरस्थ सर्व्हरवरील आपापल्या फोल्डरात दाखल करावयाच्या. याकामी लेखकाने योजिलेले ‘आरसिंक’ दोन्हीकडच्या प्रती ताडून पाहून बदलले असेल तेवढेच पाठविते. मात्र त्यात एक खोच आहे: मूळ फोल्डरच्या नावाअखेर तिरकी रेघ दिली तर आतला ऐवज जातो, न दिली तर सबंध फोल्डरच जाते, आणि मग थीमच्या पोटात थीम अशी अवस्था होते, उलट रेघ दिली, पण मुक्काम चुकून एक पायरी वरचा, म्हणजे ‘थीम्स’ असा लिहिला, आणि सोबत ‘डिलीट’ हा पर्याय जोडला, तर शेजारच्या यच्चयावत थीम विनातक्रार खारीज होतात. (प्रस्तुत संपादकाने हा प्रसाद एकदा चाखला आहे, हुकमाची नुसती तालीम करून दाखविणारा ‘ड्राय-रन’ हा पर्याय त्यास तेव्हाही ठाऊक होता, हे अधिक लाजिरवाणे.) फाइली पोचल्या म्हणजे प्लगिन चालू झाले असे नव्हे, तशी नोंद डेटाबेसात व्हावी लागते, व ती ‘डब्ल्यूपी प्लगिन ॲक्टिव्हेट’ या आज्ञेपुढे प्लगिनचे नाव टंकून करता येते. — संपा.