मेंदूतील काळा पट्टा

मध्यमेंदू हा मेंदूचा जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा भाग. तो आडवा कापला, तर डाव्या व उजव्या बाजूला एकेक काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. फेलिक्स विक दाझीर या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाने १७८६ साली त्याचे वर्णन केले. रंगावरूनच त्याला 'सब्स्टान्शिया नायग्रा', म्हणजे काळा पदार्थ, असे नाव पडले. परंतु हा पट्टा करतो काय, हे पुढची शंभर वर्षे कोणालाच सांगता येईना.

पहिला धागा मिळाला तो एका क्षयरोग्यामुळे. त्याच्या शरीराच्या फक्त डाव्या बाजूस कंपवाताची लक्षणे होती. मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा मध्यमेंदूत क्षयाची गाठ आढळली. तिने उजवीकडचा काळा पट्टा नष्ट केला होता. ब्लॉक आणि मारिनेस्को यांनी ही हकीकत १८९३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या बाजूच्या हालचाली सांभाळते, हे तेव्हा ठाऊक होतेच. म्हणून १८९५ मध्ये एदुआर ब्रिसो यांनी तर्क मांडला, की कंपवाताचे मूळ या पट्ट्यात असावे. पण एका रोग्यावरून नियम कसा ठरवायचा?

१९१९ साली कॉन्स्टांटिन त्रेत्याकॉफ यांनी आपल्या प्रबंधासाठी अनेक मेंदू तपासले. कंपवाताच्या रोग्यांमध्ये या पट्ट्यातील रंगद्रव्ययुक्त चेतापेशी नष्ट झालेल्या दिसल्या. तरीही अनेक तज्ज्ञ रोगाचे मूळ मेंदूच्या इतर भागांत शोधत राहिले. १९३८ मध्ये रोल्फ हासलर यांनी बारकाईने तपासणी करून त्रेत्याकॉफ यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. मात्र थोड्याशा पेशी मेल्याने हात का थरथरावा, हे कोडे कायमच होते.

त्याचा उलगडा रसायनशास्त्राने केला. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. हे द्रव्य आपल्याकडील सर्पगंधेत असते. ससे निश्चल झाले. एल-डोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिएविच यांना कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील 'स्ट्रायटम' या भागात डोपामिन फारच कमी आढळले. लवकरच हेही कळले, की काळ्या पट्ट्यातील पेशींचे तंतू स्ट्रायटमपर्यंत जातात आणि तेथे डोपामिन पुरवतात. पेशी मेल्या की पुरवठा आटतो आणि हालचालींचा तोल बिघडतो.

एल-डोपाने आजही असंख्य रोग्यांना आराम पडतो. पण पेशींचा नाश थांबवणारे औषध अजून सिद्ध झालेले नाही. 'आकृती काढून भागांना नावे द्या' हा आपल्या परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. या पट्ट्याला नाव मिळाल्यानंतर त्याचे काम कळायला पावणेदोनशे वर्षे लागली, हे विद्यार्थ्यांना त्याच वेळी सांगायला हवे.