वेळ कुठून काढला, ते आधी सांगा

'स्वतःला घडवा' असे सांगणारी पुस्तके आता बीड जिल्ह्यातल्या एसटी स्टँडवरच्या स्टॉललाही मिळतात. पहाटे लवकर उठा, दिवसाची आखणी करा, रोज अर्धा तास स्वतःसाठी राखून ठेवा. ऊसतोडीच्या हंगामात जी बाई अंधारातच चूल पेटवून भाकऱ्या थापते, उजाडायच्या आत फड गाठते आणि दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहते, तिला लवकर उठण्याचा उपदेश करणे म्हणजे थट्टाच. मुकादमाच्या हिशेबात तर ती एकटी मोजलीही जात नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. तिला राखून ठेवायला अर्धा तास कुठला?

मराठीत बायकांनी लिहिलेले प्रेरणादायी साहित्य वाचताना हाच प्रश्न हाताशी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. लिहिणारीने वेळ कुठून काढला? कागद कुणाचा होता? लिहिलेले लपवावे लागले का? या प्रश्नांची उत्तरे जे पुस्तक देते ते कामाचे. न देणारे वाईटच असते असे नाही, पण ते वाचून वाचणारीच्या पदरात फारसे पडत नाही.

या क्षेत्राचा आरंभ १८८२ पासून धरणे सोयीचे आहे, कारण त्या एकाच वर्षी दोन पुस्तके निघाली आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशांना तोंड करून उभी आहेत. पंडिता रमाबाईंचा 'स्त्रीधर्मनीति' हा सरळसरळ आत्मसुधारणेचा ग्रंथ: स्त्रीने शिकावे, आळस सोडावा, संसार नीटनेटका करावा, मुले जाणतेपणाने वाढवावीत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना'मध्ये उलट सवाल केला की सुधारायचे ते बाईनेच का? सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना झोडपायला घेतले, त्या रागातून हे पुस्तक उतरले. पहिले पुस्तक वाचकाला कामाला लावते, दुसरे त्याच्या तोंडावर आरसा धरते. रमाबाईंच्या ग्रंथाची आणखी एक गंमत अशी की त्याच्या विक्रीचा पैसा त्यांना विलायतेच्या प्रवासासाठी उपयोगी पडला, आणि तो प्रवास त्यांना त्या ग्रंथातल्या चौकटीपासून पार दूर घेऊन गेला. स्वतःच्या पुस्तकाने स्वतःलाच पुढे ढकलल्याचे असे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

त्यानंतर मराठी स्त्रीने उपदेशाची वाट बरीचशी सोडली आणि ती आत्मकथनाकडे वळली. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आल्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा. लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिली नव्हती आणि जोडाक्षरांशी त्यांचे कायम वाकडे होते. तरी त्यांचे गद्य आजही ताजे वाटते, कारण फजिती सांगताना त्या स्वतःला सवलत देत नाहीत. 'मी घडले' असे त्या कुठे म्हणत नाहीत. वाचणाराला मात्र ते घडणे पानोपानी दिसत राहते.

सगळ्यात जास्त वेळ थांबावे ते बेबीताई कांबळे यांच्यापाशी. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. माल बांधायला रद्दी येई, त्यातले वर्तमानपत्राचे तुकडे त्या गिऱ्हाईक नसताना वाचत. पुढे त्याच गल्ल्यावर बसून लिहू लागल्या. नवऱ्याला कळले तर काय होईल या धास्तीने वह्या घरात कुणाचा हात जाणार नाही अशा ठिकाणी सारून ठेवल्या आणि वर्षानुवर्षे कुणाला सांगितले नाही. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ मध्ये. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा'ही त्याच वर्षीची. मुक्ता सर्वगोड, कुमुद पावडे आणि पुढे उर्मिला पवार यांचे 'आयदान' याच वाटेवर भेटतात. या बायका सल्ला देत नाहीत, आणि तरी रद्दीच्या कागदावर वाचायला शिकता येते हे कळल्यावर वेगळा सल्ला लागतोच कुठे?

बीड या नकाशावर उशिरा येते, त्याला कारण आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि पुण्या-मुंबईची पुस्तके इथवर क्वचित पोचत. विवेकसिंधुकार मुकुंदराजांचे अंबाजोगाई याच जिल्ह्यात, तरी बाईचे शहाणपण शतकानुशतके जात्यावरच राहिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्यांत माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांच्या ओव्याही आहेत. त्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. बाबासाहेब आंबेडकरांवर गाताना या बायका मान आणि शिक्षण हे दोन्ही मागतात. या अभ्यासक्षेत्रात ओवीला जागा द्यावी की नाही यावर वाद आहे. मी ती बिनदिक्कत देईन.

अंबाजोगाईत मराठीचे अध्यापन करणाऱ्या शैला लोहिया यांनी लेखन आणि काम एकाच हाताने केले. परित्यक्ता स्त्रियांसाठी 'मनस्विनी' हा प्रकल्प उभा करणाऱ्या या लेखिकेने 'भूमी आणि स्त्री' लिहिताना लोकपरंपरेकडे पाहिले ते कौतुकाच्या नव्हे, हिशेबाच्या नजरेने.

हिशेब मागायलाच हवा, असा हा जिल्हा आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत काम बुडाले की खाडा, खाडा झाला की दंड, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते ती असतेच. 'मनाने खंबीर व्हा' असे या बाईला सांगणारे पुस्तक ताराबाईंनी मिटून बाजूला ठेवले असते. अशा ठिकाणी राणी बंग यांच्या 'कानोसा'सारखे पुस्तक उपयोगी पडते, कारण खेड्यातली बाई स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलते ते त्यात आधी ऐकून घेतलेले आहे.

घरगुती ज्ञानाची पुस्तकेही याच कपाटात ठेवावीत. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा', मालती कारवारकर यांची 'वंशवेल', शोभा भागवत यांचे 'आपली मुलं' ही स्वयंपाकघरातून आणि पाळण्याजवळून केलेली आत्मसुधारणाच आहे. लीना सोहोनी यांच्या अनुवादांतून घरोघर गेलेल्या सुधा मूर्ती वाचनीय खऱ्या, पण त्यांच्या गोष्टींत मदत करणाराचा आवाज मोठा असतो. घेणाराचे म्हणणे ऐकायचे तर नसीमा हुरजूक यांची 'चाकाची खुर्ची' उघडावी.

नव्या वाचकाने क्रम असा ठेवावा: आधी 'स्मृतिचित्रे', कारण हसू येते आणि भीती मोडते, मग 'जिणं आमुचं', मग ताराबाई, शक्यतो मोठ्याने आणि चारचौघींत. 'स्त्रीधर्मनीति' शेवटी घ्यावे. त्याची मराठी संस्कृताने जड आहे, पहिल्या बैठकीत दहा पानांच्या पुढे सरकत नाही, आणि ते लिहिले तेव्हा रमाबाई जेमतेम चोविशीत होत्या हे लक्षात ठेवले तर त्यातल्या उपदेशाचा राग येत नाही.