अब्बांच्या सिममधली नकाराची यादी

१२ जानेवारी २००६, गुरुवार. आमच्याकडे बकरी ईदचा दुसरा दिवस होता. सौदीत मात्र जिलहजची १२ तारीख होती आणि अब्बा-अम्मी मिनाला होते. दुपारी चारच्या पुढे शेजारचे चाचा दारात आले आणि एवढंच म्हणाले, "बेटा, टीव्ही लाव." जमरातच्या पुलापाशी चेंगराचेंगरी झाली होती. मृतांचा आकडा वाढत वाढत शेवटी साडेतीनशेच्या आसपास गेला.

मी तेव्हा बी.एड. करत होतो. अब्बांकडे मामूंचा पोस्टपेड नंबर होता. डिपॉझिट भरून त्यावर परदेशातलं रोमिंग सुरू करून घेतलं होतं. पण जेद्द्याला उतरल्यापासून त्या फोनवरून एकही कॉल आला नव्हता. अब्बा बूथवरून फोन करायचे, तेही रांग असेल तसं. त्या संध्याकाळी मी आणि भाईजाननी तो नंबर किती वेळा लावला, याची मोजदाद नाही. कंपनीचा माणूस शांतपणे सांगत होता, "सर, आपलं रोमिंग चालू आहे." आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गंमत.

फजरनंतर फोन आला, त्याच नंबरवरून. अब्बा म्हणाले, "दोघंही ठीक आहोत. या डब्यावर पंधरा दिवस 'फक्त इमर्जन्सी' लिहून येत होतं. तंबूतल्या हैदराबादच्या पोराने दोन मिनिटांत चालू करून दिला." अम्मी मागून रडत होती. अब्बा तिला म्हणत होते, "अगं, रडतेस काय, बिल वाढतंय."

त्या पोराने नेमकं काय केलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते सांगायचं तर युरोपात जावं लागेल.

१९८०च्या सुमारास युरोपात मोटारीतले फोन होते, पण प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. सरहद्द ओलांडली की फोन मुका. म्हणून १९८२ साली तिथल्या टपाल-तार खात्यांच्या संघटनेने एक अभ्यासगट नेमला. त्याच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं म्हणजे जीएसएम. इंग्रजी विस्तार नंतर जोडला गेला. १९८७ च्या सप्टेंबरात कोपनहेगनला तेरा देशांतल्या सेवा देणाऱ्यांनी करारावर सह्या केल्या. १९९१ मध्ये म्युनिकच्या गीझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्याला पहिली ३०० सिम कार्डं विकली. फोन वेगळा आणि ग्राहकाची ओळख वेगळी, ही कल्पना तिथे प्रत्यक्षात आली. पुढच्याच वर्षी फिनलंड आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांत पहिला रोमिंग करार झाला.

आपण समजतो की सिम म्हणजे आपला नंबर. खरं तर तुमचा दहा आकडी नंबर त्यात असलाच पाहिजे असंही नाही. त्यात असते एक दुसरीच ओळख, बहुधा पंधरा आकड्यांची. तिचे पहिले तीन आकडे देशाचे: भारताचे ४०४ आणि ४०५, पाकिस्तानचे ४१०, सौदीचे ४२०. प्रत्येक टॉवर आपल्या नेटवर्कचे असेच आकडे सतत हवेत पुकारत असतो, आणि फोन ते ऐकून सिममधल्या याद्यांशी ताडून पाहतो. एक यादी पसंतीची: परक्या मुलखात आधी कोणाचं दार ठोठवायचं. दुसरी नकाराची: ज्यांनी 'तुला इथे प्रवेश नाही' असं सांगितलं त्यांची. या दुसऱ्या यादीत जुन्या सिममध्ये चारच जागा. पाचवा आला की सगळ्यात जुना बाहेर.

ही नकाराची यादी सिममध्ये लिहिलेली असते. फोन बंद करून चालू केला तरी ती पुसली जात नाही. आणि फोन आपण होऊन त्या नेटवर्कांकडे पुन्हा जात नाही. माणसाने स्वतः यादी उघडून नाव निवडलं आणि प्रवेश मिळाला, तरच ते नाव यादीतून निघतं.

आता अब्बांचं कोडं सुटतं. ते जेद्द्याला उतरले तेव्हा आमच्या कंपनीने रोमिंग प्रत्यक्षात सुरू केलंच नव्हतं. दोन दिवसांनी केलं. तोवर फोनने तिथल्या नेटवर्कांची दारं ठोठावली होती, नकार घेतला होता आणि इमानदारीने लिहून ठेवला होता. पुढे दारं उघडली, पण फोनला ते कोणी सांगितलंच नाही. हैदराबादच्या पोराने हाताने नेटवर्क निवडलं, बस्स.

मग या याद्या ताज्या ठेवायच्या कशा? सुरुवातीला उपाय एकच, नवं कार्ड. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एसएमएसचा रस्ता तयारच आहे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. त्याच वाटेने, पडद्यावर न दिसता थेट सिमपर्यंत पोहोचणारे संदेश पाठवायची सोय झाली. कंपनी रात्री तुमच्या सिममधली यादी बदलते आणि तुम्ही झोपलेले असता. अमेरिकेत सीडीएमए फोनवाले *२२८ फिरवून रोमिंगची यादी स्वतः मागवून घ्यायचे. आपल्याकडे २००३ च्या आसपास सीडीएमए फोन घरोघरी आले, त्यांत काढता येणारं सिमच नव्हतं. फोन बदलायचा म्हणजे दुकानाची वारी ठरलेली.

इंटरनेटच्या सेटिंगचे संदेश तर आमच्या वयाच्या सगळ्यांना आठवत असतील. संदेश यायचा, पिन मागायचा, माझ्या फोनवर तो १२३४ होता. शिक्षकांच्या खोलीत मी त्या काळी 'सेटिंगवाले सर' होतो.

पण यादी बदलायचा अधिकार ज्याच्या हाती, पैशाचं गणितही त्याच्याच हाती. परदेशात ज्या नेटवर्कशी कंपनीचा करार स्वस्त, तिकडे फोन वळवले जातात. कधी कधी दुसऱ्याकडे नोंदणीच होऊ देत नाहीत. तुमच्या तंबूत सिग्नल कोणाचा चांगला, हा विचार त्यात नसतो. मला हे खटकतं. ५जीच्या मानकात घरची कंपनी ही यादी अशा मोहोरबंद रीतीने पाठवते की मधल्या परक्या नेटवर्कला तिच्यात गुपचूप फेरफार करता येत नाही. म्हणजे कंपन्यांचा एकमेकींवर किती भरवसा होता, ते बघा.

आमचे दादा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. त्यांचं पत्र घरी पोहोचायला कित्येक दिवस लागले. ती जहाजं १९९५ पासून बंद झाली. त्याच वर्षी ३१ जुलैला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. दादांच्या त्या दिवसांत घरच्यांना घोर नव्हता असं नाही, पण फोन लागत नाही हा घोर नव्हता. तो आमच्या वाट्याला आला.

आता दरवर्षी हजच्या आधी मोहल्ल्यातले लोक फोन घेऊन माझ्याकडे येतात. मी प्रत्येकाला 'नेटवर्क हाताने निवडा' हा पर्याय कुठे आहे ते दाखवतो, त्यांच्याकडून तीनदा करून घेतो आणि कागदावर उर्दूत किंवा मराठीत, ज्याला जे वाचता येतं त्यात, पायऱ्या लिहून देतो. मागच्या खेपेला एका खालाजाननी तो कागद घडी करून दुआंच्या किताबात ठेवला.

अब्बांचं ते सिम अजून अम्मीच्या पानदानात आहे. फोन केव्हाच गेला.