कावीळ उतरते, पण उतरवतं कोण?

आजचा विषय आहे कावीळ. सातारा-सांगलीकडं घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, की पहिला सल्ला येतो, "जा, कावीळ उतरवून आण." कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन देतं, कुणी काड्यांची माळ गळ्यात घालतं. पाणी पिवळं होतं, माळ रोज थोडी लांब होते, आणि काही आठवड्यांत माणूस खरंच बरा होतो! मग याला थोतांड कसं म्हणायचं? याचं उत्तर मिळायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

आधी पाण्याचं बघू. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाई, माहुली करत कराडला कोयनेला भेटते आणि पुढं सांगलीला येते. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा तिला मिळते. वरच्या गावाचं सांडपाणी तेच खालच्या गावाचं पिण्याचं पाणी, हे नदीकाठचं जुनं दुखणं आहे.

हे दुखणं किती महागात पडतं, ते 1955 च्या डिसेंबरात दिल्लीनं पाहिलं. यमुनेवरच्या वझिराबाद केंद्राच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि अंदाजे 29,300 लोकांना कावीळ झाली. सगळ्यांना वाटलं, ही नेहमीची हिपॅटायटिस ए.

मग 1981 साली आपल्या शेजारी, पंचगंगेकाठच्या कोल्हापुरात, पाण्यातून काविळीची साथ पसरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, रुग्णांचं रक्त तपासलं. गुन्हेगार ए नव्हता आणि बीसुद्धा नव्हता. त्याच सुमारास दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले नमुने तपासले गेले, तिथंही ए सापडला नाही. म्हणजे कुणीतरी तिसराच होता. 1983 साली मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञानं रुग्णांच्या विष्ठेतून गाळलेला अर्क चक्क स्वतः प्यायला, आजारी पडला आणि स्वतःच्याच विष्ठेत विषाणू शोधून दाखवला. त्यालाच आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. 2012 साली याच विषाणूनं इचलकरंजीत हजारो लोकांना गाठलं.

विषाणू सापडला. पण माणूस बरा कसा होतो? त्यासाठी थेट लिव्हरच्या आत जावं लागेल.

1876 साली कुफ्फर नावाचा जर्मन शरीरशास्त्रज्ञ लिव्हरमधल्या नसा शोधत होता. सोन्याचा क्षार वापरून त्यानं पेशी रंगवल्या, तर नसांऐवजी चांदणीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्या नेमकं काय करतात, हे त्याला उमगलं नाही. 1898 मध्ये पोलंडच्या ब्रोविचनं ओळखलं, की या तर भक्षक पेशी! रक्तातला कचरा आणि जंतू गिळणाऱ्या. आज त्यांना कुफ्फर पेशी म्हणतात.

लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं आणि त्यातलं बरंचसं थेट आतड्यांकडून येतं. म्हणजे हा आपल्या शरीराचा टोलनाका समजा. कुफ्फर पेशी नाक्यावर कायमच्या मुक्कामाला असतात. एनके पेशीही तिथं मोठ्या संख्येनं असतात. टी पेशी मात्र गस्तीवर येतात-जातात. ही गस्त कशी चालते? 2015 साली मिलानच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या अभ्यासात जिवंत उंदरांमध्ये ते पाहिलं. टी पेशी लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांत थांबतात. तिथल्या भिंतींना चाळणीसारखी भोकं असतात. वाहिनीतून बाहेर न पडताच त्या भोकांतून हात घालतात आणि पलीकडची पेशी चाचपून बघतात. विषाणू सापडला, की तिथंच हल्ला.

आता खरी मेख. हिपॅटायटिस ईचा विषाणू स्वतः लिव्हरच्या पेशी फारशा फोडत नाही. बरंचसं नुकसान या हल्ल्यातच होतं, असं मानलं जातं. जखमी लिव्हरला पित्तातला पिवळा रंग बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो आणि डोळे पिवळे होतात. थोडक्यात, डोळे पिवळे दिसतात तोवर आतली लढाई बहुतेक वेळा सुरू झालेली असते. पुढं विषाणू संपतो, लिव्हर नव्या पेशी तयार करतं, रंग ओसरतो. ए आणि ई या दोन्ही काविळी बहुतेकांच्या अशाच आपोआप बऱ्या होतात.

म्हणजे कावीळ उतरवली ती आपल्याच पेशींनी. श्रेय मात्र माळेला मिळालं! चुन्याच्या पाण्यात आंब्याच्या सालीसारखं काही असलं, की ते पिवळं होतं, मग हात कुणाचेही असोत. आणि काड्या वाळून आकसल्या, की माळेचा दोरा सैल होतो.

यात बिघडलं कुठं? बहुतेकांचं काही बिघडत नाही, आणि म्हणूनच हा समज टिकलाय. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो. तिच्यासाठी माळ लांब होण्याची वाट बघण्यात गेलेले चार दिवस फार मोठे असतात. शिवाय कावीळ बी किंवा सीमुळं असेल, तर डोळे पांढरे झाले तरी विषाणू वर्षानुवर्षं आत राहू शकतो.

तेव्हा मंडळी, घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासा. बाई गरोदर असेल, किंवा पेशंटला गुंगी येत असेल, तो असंबद्ध बोलत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पावसाळ्यात पाणी उकळून प्या. आणि आजीनं विचारलंच, "उतरवून आणली का?" तर सांगा, "आजी, उतरवणारे आतच बसलेत. त्यांना जड जातंय का, तेवढं डॉक्टरांकडून बघून येतो."